सव्वादोन वर्षांचा लेक, पुणे ते मालवण गाडीने: वाटेत कसं रमवता?

रानजाई (११ ऑगस्ट, रात्री १०:१५)

गणपतीला मालवणजवळ सासरी निघालोय. आम्ही दोघं, सासूबाई आणि लेक. तो आता सव्वादोन वर्षांचा आहे. रस्ता नेहमीचाच: सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली. पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर. एरवी आठ तास, लहान मूल असलं की दहा धरायचे.

मागच्या दिवाळीत हाच प्रवास केला तेव्हा तो दीड वर्षाचा होता. साताऱ्यापर्यंत झोपला. उठला तो रडतच, आणि कऱ्हाड येईपर्यंत रडून रडून घसा बसला. पाठीची कमान करायचा, पट्टे ओढायचा. खेळण्यांची पिशवी भरून नेली होती, एकेक करून सगळी खाली फेकली. शेवटी मी त्याला कार सीटमधून काढून मांडीवर घेतलं आणि तो तसाच पुढे आला. घाटात वळणावर समोरून ट्रक आला, ह्यांनी करकचून ब्रेक मारला आणि त्याचं डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही झालं नाही. पण तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

यावेळी चालत्या गाडीत त्याला सीटमधून काढायचं नाही, हे ठरलंय. सासूबाई म्हणतात, "एवढं रडवायचं कशाला लेकराला, मी घेते की मांडीवर." त्यांची माया मला कळते. पण मग दहा तास त्याला बसवून ठेवायचं कसं? मोबाईल शक्यतो नको आहे. तुमचे अनुभव सांगा, अगदी बारीकसारीकसुद्धा.

डिकीभर (११ ऑगस्ट, रात्री ११:०२)

आमची दोन मुलं, एक साडेचार आणि एक पावणेतीन. दरवर्षी पुणे-नागपूर. आधी अहिल्यानगरवरून संभाजीनगर आणि तिथून समृद्धी. त्यामुळे थोडं अधिकाराने सांगतो.

खेळणी हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न त्याच्या झोपेचा आणि पायांचा.

तो दुपारी किती वाजता झोपतो? समजा साडेबारा ते अडीच. मग ते दोन तास तुमचे सगळ्यात मौल्यवान. त्या वेळात तुम्ही सलग, सरळ, खड्डे नसलेल्या रस्त्यावर असायला हवं. लोक काय करतात, मूल झोपलं म्हणून "चला, आता निवांत जेवून घेऊ" म्हणत हॉटेलात गाडी लावतात. इंजिन बंद झालं की ते उठतं. आणि अर्धवट झोपेतून उठलेलं मूल पुढचे तीन तास सावरत नाही. तुमच्या लेकाचं साताऱ्यानंतर तेच झालं असावं.

पहाटे साडेतीन-चारला निघा असं पुष्कळ जण सांगतील. मूल झोपतं हे खरं, पण चालवणाऱ्याच्या डोळ्यावर सगळ्यात जास्त झापड त्याच वेळी येते. आम्ही ते सोडून दिलं. साडेपाच-सहाला निघतो, दोघांची झोप पुरी करून.

आता पाय. दर दीड-दोन तासांनी थांबायचं आणि थांबल्यावर त्याला खुर्चीत बसवून भरवायचं नाही. खायचं काम गाडी उभी असताना शेवटच्या दहा मिनिटांत. आधी पंधरा मिनिटं नुसतं पळायचं. हॉटेलच्या पायऱ्या असतील तर चढ-उतर, हिरवळ असेल तर बाबाला पकड. मी घड्याळ लावतो. समृद्धीवर हे जास्त जाणवतं. ७०१ किमीचा रस्ता, गाड्यांना १२० ची वेगमर्यादा, जून २०२५ पासून पार मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण सुरू झालाय, पण मुलाच्या नजरेने पाहिलं तर खिडकीबाहेर काहीच घडत नाही. ना बैलगाडी, ना दुकान, ना कुत्रं. तिथे मुलं लवकर कावतात. तुमचा रस्ता त्या मानाने फार चांगला आहे, सतत काही ना काही दिसत राहतं.

आणि निघाल्यावर पहिला अर्धा तास एकही खेळणं बाहेर काढू नका. तेव्हा ते आनंदात असतंच. ती पुंजी नंतरसाठी ठेवा.

मोगरा (१२ ऑगस्ट, सकाळी ७:२०)

रानजाई, मी तीन नातवंडांची आजी, नाशिकची. तुझ्या सासूबाईंच्या बाजूने आधी बोलते. आमची मुलं आम्ही मांडीवरच वाढवली. गाडीत, एसटीत, रेल्वेत. रडणारं मूल हाताच्या अंतरावर आहे आणि आपण त्याला उचलायचं नाही, हे आमच्या हातांनाच जमत नाही गं. त्यांना "उचलू नका" एवढंच सांगितलंस तर त्या दहा तास अपराध्यासारख्या बसतील. त्यांना काम दे. त्यांना त्याच्या शेजारी बसव, तू पुढे बस.

माझी नात रडायला लागली की मी तिचा तळपाय हातात घेते. बूट-मोजे काढून टाकायचे. तळव्यावर अंगठा हळूहळू फिरवायचा, मग एकेका बोटाला नाव देऊन त्याची गोष्ट. हे मोठं बोट बाजारात गेलं, याने भाजी आणली, हे धाकटं घरीच झोपलं. रोज नवी गोष्ट, जुळवायची आपणच. पट्टा सोडावा लागत नाही आणि माणसाचा स्पर्श तर असतो. मुलाला मांडी हवी असते ती स्पर्शासाठी.

दुसरं, कणीक. फुलक्याची कणीक थोडं जास्त तेल लावून घट्ट मळायची, लिंबाएवढे दोन गोळे डबीत. चिकटत नाही, आणि चुकून तोंडात गेली तरी घाबरायला नको.

बालवैद्य (१२ ऑगस्ट, दुपारी २:४५)

मी बालरोगतज्ज्ञ आहे, दवाखान्यातून थोडा वेळ मिळाला म्हणून लिहितो.

मोगराताईंनी फार मोलाचं लिहिलंय. सासूबाईंना समजावताना कायद्याचा आधार घेऊ नका. तो आहेच: २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड. पण दंडाने माया बदलत नाही. त्यांना एवढंच सांगा: ताशी ५० च्या वेगात गाडी आदळली तर सुटं मूल ज्या वेगाने पुढे फेकलं जातं, तो वेग तिसऱ्या मजल्यावरून खाली पडताना येतो तेवढा असतो. तेव्हा कुणाच्याही हातांची पकड पुरत नाही. मांडीवर घेऊन दोघांभोवती एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट, मोठ्या माणसाचं वजन मुलावर येतं.

आता रडण्याबद्दल. रडणारं मूल दर वेळी कंटाळलेलंच असतं असं नाही. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि बारापर्यंत जास्त असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो "हलतोय", डोळे पुढच्या सीटच्या पाठीकडे बघून सांगतात "स्थिर आहे", त्यातून मळमळ होते. मोठं मूल "मळमळतंय" म्हणतं. सव्वादोन वर्षांच्या मुलाला तो शब्द नसतो. ते जांभया देतं, चेहरा पांढुरका पडतो, लाळ येते, चिडतं, खेळणी फेकतं. अशा वेळी नवं खेळणं किंवा पुस्तक हातात दिलं की त्रास वाढतो, कारण नजर आणखी खाली जाते. काच थोडी खाली करा, वारा लागू द्या, लांबचं काहीतरी दाखवा, आणि जागा मिळताच थांबा. घाटाच्या तासभर आधी दूध किंवा तेलकट काही नको. उलटीचं औषध लागेल असं वाटलं तर तुमच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा. आणि निव्वळ झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजायचं, हे कृपया कुणीही करू नये.

चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, अख्खी द्राक्षं, मक्याच्या लाह्या देऊ नका. घशात अडकलं तर मागे वळून कळेपर्यंत उशीर होतो. आणि "पाचच मिनिटं, चहा घेऊन येतो" म्हणून बंद गाडीत मुलाला सोडू नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वाढू शकतं.

साखरचौथ (१२ ऑगस्ट, सायं ६:१०)

आमच्याकडे चालून गेलेली युक्ती: घरातलं स्टीलचं ताट आणि फ्रिजवर लावायचे लोहचुंबक. लेक मांडीवर ताट घेऊन तासभर लावत-काढत बसते. काही खाली पडत नाही.

दुसरी ओढण्यांची. टिश्यूचा रिकामा खोका घ्यायचा, जुन्या ओढण्या नि ब्लाउजपीस टोकाला टोक गाठ मारून आत कोंबायचे. मूल ओढत राहतं, लाल संपलं की पिवळं, पिवळं संपलं की जरीचं. माझ्या लेकीला शेवटी काय निघतं ते माहीत असतं, तरी दर वेळी तेवढीच खूश होते.

बालवैद्य (१२ ऑगस्ट, सायं ६:३८)

साखरचौथ, ओढण्यांचा खोका फार छान. गाठी पक्क्या मारा आणि खेळ संपला की लगेच आवरून ठेवा, लांब कापड गळ्याभोवती जायला नको.

लोहचुंबकाबद्दल मात्र सांगायलाच हवं. मागे चिकटवलेला बारका चुंबक सुटून येतो. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चेपते, भोक पडतं. शस्त्रक्रिया करावी लागते. तीन वर्षांखाली हा खेळ नकोच. आवाज करणाऱ्या खेळण्यांतले बटणासारखे चपटे सेलही तसेच घातक. झाकणाला स्क्रू नसेल ते खेळणं गाडीत नेऊ नका.

साखरचौथ (१२ ऑगस्ट, सायं ६:५५)

बाप रे. हे अजिबात माहीत नव्हतं. आत्ताच सगळे काढून वर ठेवले. मनापासून धन्यवाद डॉक्टर.

ऱ्हाईनकाठ (१३ ऑगस्ट, पहाटे १:३०)

ड्युसेलडॉर्फहून लिहितेय. इकडे १२ वर्षांचं होईपर्यंत किंवा दीडशे सेंटीमीटर उंची होईपर्यंत मुलाला बालआसन सक्तीचंच, त्यामुळे आमच्या मुलांनी मागच्या सीटवर मोकळं बसणं कधी पाहिलंच नाही. याचा फायदा सांगते: ती वादच घालत नाहीत. एकदा जरी पट्टा सोडून मांडीवर घेतलं की पुढच्या वेळी मूल त्या आशेवर रडतं. रानजाई, तुझ्या लेकाला दिवाळी आठवत नसेल, पण आता पहिल्या अर्ध्या तासात नियम पक्का दिसला की खूप फरक पडेल.

आमचा मोठा प्रवास म्हणजे म्युनिकला मावशीकडे, सहाशेच्या वर किलोमीटर. महामार्गावर ठिकठिकाणी थांबे असतात, कित्येक थांब्यांवर घसरगुंडी नि वाळूचा खड्डा. आम्ही निघण्याआधी तेच शोधून ठेवतो. पण सुट्ट्यांमध्ये गाड्यांची रांग लागली की दोन-दोन तास जागेवर. तेव्हा कामाला येतो तो आवाज. इथे टोनीबॉक्स नावाचा मऊ ठोकळा मिळतो, याच शहरातल्या कंपनीचा, २०१६ पासून. वर छोटी बाहुली ठेवली की गोष्ट सुरू होते. आपल्या आवाजात गोष्टी भरता येतील अशीही एक बाहुली मिळते. माझ्या वडिलांनी साताऱ्याहून तीत मराठी गोष्टी भरून दिल्यात. खोकतात, मध्येच "अगं चहा ठेव" म्हणतात, ते सगळं आत आहे. माझा धाकटा त्या खोकल्याचीही वाट बघतो.

तुला तो ठोकळा घ्यायची काही गरज नाही. आजोबा-आत्या-काका यांच्याकडून फोनवर पाच-पाच मिनिटांच्या गोष्टी बोलून घे आणि गाडीच्या स्पीकरवर लाव. मूल फोन बघत नाही, ऐकतं. नजर खिडकीबाहेरच राहते.

दोनचिमण्या (१३ ऑगस्ट, सकाळी १०:०५)

मी वेगळं बोलते. मला जुळ्या मुली आहेत आणि मुंबई-इंदूर प्रवासात आम्ही दोघंच असतो. मी मोबाईल देते. दोघी एकदम रडत असताना गाडी चालवणारा माणूस मागे वळून बघायला लागतो, तो धोका मला कार्टूनपेक्षा मोठा वाटतो. ज्यांच्यासोबत मागे बसायला आजी नाही, त्यांनी काय करायचं?

बालवैद्य (१३ ऑगस्ट, दुपारी ३:००)

तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका. दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि २ ते ५ ला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं आमची भारतीय बालरोग संघटना सांगते. ते रोजच्या सवयीसाठी आहे. वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रवासात अर्धा तास जास्त झाला तर आभाळ कोसळत नाही. फक्त घाटात देऊ नका, मळमळीचं कारण वर लिहिलंय. आणि फोन हातात न देता पुढच्या सीटच्या मागे डोळ्यांच्या उंचीवर पक्का बसवा, मान खाली जात नाही.

घाटवाट (१३ ऑगस्ट, रात्री ९:२५)

मी कणकवलीचा, नोकरी कोल्हापुरात. फोंडा घाट महिन्यातून चारदा चढतो-उतरतो.

रानजाई, एका दिवसात करू नका. पुणे-कोल्हापूर २३० च्या आसपास, तेवढंच पहिल्या दिवशी. दुपारी पोचाल, संध्याकाळी रंकाळ्यावर सोडा त्याला. पळू दे, भेळ तुम्ही खा, त्याला चुरमुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या मुलाला घेऊन घाट उतरायचा. संध्याकाळी घाटात धुकं उतरतं, पावसात तर समोरचं दहा पावलांवरचं दिसत नाही. चालवणारा थकलेला आणि मूल रडतंय, हे तिथे नको.

कोल्हापूर सोडलं की रस्ता लहान, पण मुलासाठी सोन्यासारखा. म्हशी, भाताची खाचरं, शाळेला चाललेली पोरं. राधानगरीच्या पुढे दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य लागतं. गवा रस्त्यावरून दिसेलच असं नाही, पण "गवा शोधूया" म्हटलं की मोठी माणसंसुद्धा अर्धा तास खिडकीला चिकटतात. घाटात धबधब्याखाली गाड्या लावून लोक उभे असतात, तिथे मुलाला उतरवू नका. दरड येते, गाड्याही अंगावर येतात. खाली फोंडा गाव आलं की थांबा.

रानजाई (१३ ऑगस्ट, रात्री १०:४०)

घाटवाट, मुक्कामाचं आम्हाला सुचलंच नव्हतं. "एवढ्याशा अंतराला मुक्काम?" असं घरात बोललं गेलं, पण आज सगळ्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मोगराआजींचा प्रतिसाद वाचताना सासूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मांडीचा विषय मिटला. त्या आता बोटांच्या गोष्टी जुळवतायत.

डॉक्टर, दिवाळीत त्याची सीट मागे तोंड करून होती. आता तो सीटवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत बसतो, म्हणून पुढे तोंड करून बसवलंय. चालेल ना?

बालवैद्य (१४ ऑगस्ट, सकाळी ८:१५)

मागे तोंड असलेली सीट जास्त सुरक्षित, त्यामुळे सीटच्या मर्यादेत बसत असेल तोवर ती न बदललेली बरी. त्या बाजूची मर्यादा ओलांडली असेल तरच पुढे तोंड करा. पट्टा गालिच्यासारखा सपाट, पीळ नको. खांद्यापाशी चिमटीत पकडता आला तर तो सैल आहे. जाड स्वेटर-जर्किन घालून पट्टा लावू नका. दिवाळीत तो कमान करत होता, त्यात पाठीला आलेल्या घामाचाही भाग असेल. मागे बसलेल्या मुलापर्यंत एसीचा वारा पोचत नाही, मध्येमध्ये मानेखाली हात घालून बघा.

डिकीभर (१४ ऑगस्ट, सकाळी ९:३०)

एक राहिलं. रंगकामवाल्यांची कागदी चिकटपट्टी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खिडकीच्या काचेवर, सीटच्या कडेला, त्याच्या गुडघ्यावर तुकडे चिकटवा आणि काढू दे. तिचा डाग राहत नाही. आमच्या धाकट्याला याहून मोठं खेळणं आम्ही अजून घेतलेलं नाही.

रानजाई (२८ ऑगस्ट, दुपारी १:१०)

पोचलो, बाप्पा बसले, दीड दिवसाचं विसर्जन आज संध्याकाळी. नैवेद्याचं आवरून लिहायला बसलेय.

रविवारी सकाळी सहाला निघालो. सीट परत मागे तोंड करून लावली, मर्यादेत बसत होता. पहिला तास नुसते टेम्पो. गणपतीच्या मूर्ती प्लास्टिकने झाकून नेणारे इतके टेम्पो होते की तो प्रत्येकाला "बाप्पा, भ्यॅ!" करत होता. त्याला वाटत होतं बाप्पा लपलेत. मागच्या काचेतून टेम्पो लांब जाताना दिसायचा तेव्हा हात हलवायचा. मागे तोंड असल्याचा हा फायदा आम्हाला माहीत नव्हता.

साताऱ्याच्या अलीकडे थांबलो. पंधरा मिनिटं पायऱ्या, मग तूप लावलेली दशमी आणि केळं. साताऱ्यापुढे चिकटपट्टी काढली. सासूबाई तुकडा फाडून स्वतःच्या कपाळाला लावायच्या, तो काढायचा आणि त्यांच्या हनुवटीला लावायचा. कऱ्हाडपर्यंत हेच चाललं. मी पुढे बसून फक्त आवाज ऐकत होते, मागे वळायची वेळच आली नाही. कऱ्हाडला न थांबता पुढे निघालो आणि तो झोपला. कोल्हापूर आलं तरी झोपेतच होता, म्हणून हे रंकाळ्याभोवती गाडी फिरवत राहिले, तो आपणहून उठेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी घाटात रडला. बारा मिनिटं, मी घड्याळ बघत होते. त्याआधी दोन जांभया दिल्या आणि ओठ पांढरे पडले, म्हणजे डॉक्टर म्हणाले तेच. काच खाली केली, गाडी हळू केली. सासूबाईंनी त्याचा तळपाय दोन्ही हातांत धरून ठेवला आणि बोलत राहिल्या. पट्ट्याकडे त्यांचा हात एकदा गेला होता, मी आरशात पाहिलं. गेला तसाच परत आला. फोंडा गावात उतरवलं तर दोन मिनिटांत कोंबडीच्या मागे धावत होता. ओढण्यांचा खोका उघडावाच लागला नाही, तो परतीसाठी ठेवलाय.

गौरी-गणपती आटोपून शनिवारी ६ तारखेला निघतोय, परत कोल्हापूरचा मुक्काम धरून. चिकटपट्टी संपली होती, सासूबाई आज स्वतः बाजारात जाऊन दोन रोल घेऊन आल्या.